दलालाचे मौन

इंदूरच्या देवास नाक्याकडे अथवा ट्रान्सपोर्ट नगरात ज्यांचे कामानिमित्त जाणे-येणे असते, त्यांनी दुपारच्या वेळी चहाच्या टपरीपाशी बसलेले गाडीवाले पाहिले असतील. गाडी रिकामी उभी असते, माणूसही रिकामा बसलेला दिसतो. परंतु मनातून तो मोकळा नसतो. भाडे मिळेल काय, किती मिळेल, घरच्या दिशेचे मिळेल काय, याच विवंचनेत तो असतो. अशाच एका गृहस्थांशी गेल्या उन्हाळ्यात माझे बोलणे झाले. ते धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे. स्वतःची एकच दहा चाकी गाडी, तीही कर्जाने घेतलेली. चालकही तेच, आणि सोबतीला क्लीनर म्हणून भाचा. त्यांनी जी हकीकत सांगितली ती वरकरणी क्षुल्लक होती. परंतु तिच्यातून निघालेला प्रश्न माझ्या मनात रुतून बसला आणि तो वाचकांपुढे मांडल्यावाचून राहवेना.

हकीकत अशी. इंदुरास माल उतरवून ते दोन दिवस परतीच्या भाड्याची वाट पाहत उभे होते. तिसऱ्या दिवशी एका दलालाने त्यांना भिवंडीचे भाडे दिले. ठरले सत्तावीस हजार रुपये. यांनी थोडी घासाघीस केली तेव्हा दलाल म्हणाला, "शेठ, पार्टीच इतके देते. तुमच्या गळ्याची शपथ, मला यात काही उरत नाही." यांनी माल भरला. दलालाने आपले कमिशन एक हजार रुपये आणि मुन्शियाना म्हणून वरचे काही कापून घेतले, डिझेलपुरती उचल दिली आणि उरलेली रक्कम पोहोच पावती आल्यावर देऊ असे सांगितले. भिवंडीच्या गोदामात उतरवणी होईपर्यंत एक रात्र गेली. तेथील मुनिमाच्या टेबलावर एक कागद पडला होता व त्यावर या खेपेचे भाडे लिहिलेले होते: छत्तीस हजार.

"भाऊ, मला सत्तावीस मिळाले याचे दुःख नाही," ते मला म्हणाले. "सत्तावीस मीच कबूल केले होते. पण त्याने शपथ का खाल्ली?"

या वाक्यात दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. दलालाने शपथ खाल्ली हे उघड असत्य होते. त्याविषयी कोणाही सुज्ञ माणसाचे दुमत होणार नाही. परंतु समजा, दलाल काहीच बोलला नसता. "सत्तावीस देतो, घ्यायचे तर घ्या" एवढेच म्हणून गप्प राहिला असता. तर तो निर्दोष ठरला असता काय? असत्य बोलणे हा दोष आहे हे शाळेतले मूलही सांगेल. दुसऱ्याच्या अज्ञानावर आपला लाभ उभारणे आणि त्यासाठी केवळ मौन पाळणे, हा दोष आहे की व्यापाराची रीत आहे, हे ठरविणे मात्र तितके सोपे नाही.

आता या व्यवहाराचा सांगाडा ज्यांना परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. कारखानदार अथवा व्यापारी सहसा गाडीवाल्याशी थेट बोलत नाही. तो आपले काम एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीकडे सोपवितो. कंपनी बिल्टी फाडते, म्हणजे मालाची जबाबदारी कागदावर आपल्या नावे घेते. परंतु पुष्कळ कंपन्यांच्या स्वतःच्या गाड्या थोड्या असतात किंवा मुळीच नसतात. म्हणून कंपनी बाजारातील दलालाला गाडी लावण्यास सांगते आणि दलाल टपरीवर बसलेल्या गाडीवाल्याला शोधतो. अशा रीतीने माल पाठविणारा आणि माल वाहून नेणारा यांच्यामध्ये दोन, कधी तीन हात येतात. प्रत्येक हात आपला वाटा काढतो आणि या टोकाच्या माणसास त्या टोकाचा आकडा ठाऊक नसतो. छत्तीस आणि सत्तावीस यांमधील नऊ हजार एकट्या दलालाने खाल्ले असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. त्यांतील कंपनीचे किती आणि त्याचे किती, हे आमच्या शिरपूरच्या गृहस्थांना आजही कळलेले नाही.

गाडीवाल्याची अडचण कशात आहे हे समजून घेण्यास थोडे गणित करावे लागते. इंदूर ते भिवंडी अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. मानपूरचा घाट, सेंधवा, बिजासन घाट, धुळे, मालेगाव, नाशिक आणि पुढे कसारा घाट. भरलेली दहा चाकी गाडी एका लिटरला चार किलोमीटर चालते असे धरले आणि डिझेलचा भाव लिटरला ९० रुपये धरला, तर साडेबारा हजारांच्या आसपास डिझेलच होते. त्यावर टोल, जेवणखाण, भाच्याचा पगार. हा झाला रस्त्यावरचा खर्च. परंतु कर्जाचा हप्ता, विमा, परवाना, टायरची झीज हे सर्व निराळेच, आणि त्यांतील हप्ता व विमा गाडी उभी असली तरी उभे राहत नाहीत. गाडीवाल्याचा माल म्हणजे त्याच्या गाडीचा आजचा दिवस होय. धान्य विकले गेले नाही तर कोठारात ठेवता येते. आजचा दिवस उद्यासाठी ठेवता येत नाही. त्यामुळे डिझेल व टोल भागवून चार पैसे वर उरत असतील, तर रिकामे परतण्यापेक्षा तो कोणतेही भाडे घेतो. यात त्याची चूक काही नाही. पण असे करताना हप्त्याचा पैसा सुटत नाही, आणि तो भरून काढण्यासाठी रात्रीची झोप कमी होते, टायर आणखी एक महिना रेटला जातो, कधी मापाबाहेर माल चढतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिच्यान्वये जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरील प्रत्येक टनास दोन हजार असा दंड आहे. तो पकडला जातो रस्त्यावर, आणि सापडतो गाडीवाला. दलाल रस्त्यावर नसतो.

दलालास हे सर्व ठाऊक असते. दोन दिवस उभी असलेली गाडी तो लांबून ओळखतो. धुळ्याच्या क्रमांकाची गाडी इंदुरात उभी आहे म्हणजे तिला घरी जावयाचे आहे, हे त्याला सांगावे लागत नाही. सत्तावीसचा आकडा जन्मास येतो तो याच ज्ञानातून.

तथापि दलालाची बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती पोकळ नाही. माल पाठविणारा पैसे साठ दिवसांनी देतो, कधी नव्वद. गाडीवाल्याला डिझेल आज हवे. हा मधला पैसा कोणी तरी घालावा लागतो. पार्टी बुडाली तर कोणाचा तरी पैसा बुडतो. कोणता गाडीवाला माल वेळेवर आणि पूर्ण पोहोचवील, कोणती पार्टी गाडी गोदामापुढे तीन दिवस उभी करून ठेवील आणि थांबण्याचे पैसे द्यावयास कुरकुर करील, हे ज्ञान वर्षानुवर्षे फोन उचलून मिळवलेले असते. दलाल नाहीसा केला तर गाडीवाला कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहील आणि पहारेकरी त्याला आत सोडणार नाही. म्हणून दलाल हा बांडगुळ आहे असे जे सरसकट बोलले जाते ते मला मान्य नाही. त्याच्या श्रमाला मोल आहे. प्रश्न इतकाच की, ते मोल झाकून का घ्यावे लागते?

येथे एक भेद करावासा वाटतो. दुसऱ्याच्या वतीने काम करणारा आणि स्वतःच्या नावे खरेदी-विक्री करणारा, हे दोन वेगळे मनुष्य होत. मंडईतला अडत्या शेतकऱ्याचा माल विकून आपली ठरलेली अडत घेतो. माल किती भावाने विकला हे त्याने शेतकऱ्यास सांगितलेच पाहिजे. आपल्याकडे १८७२ चा करारविषयक कायदा आहे, त्यात अभिकर्त्याविषयी हेच तत्त्व घातलेले आहे: ज्याच्या वतीने काम करतो त्याला मागितल्यास हिशेब दिला पाहिजे, आणि त्याच्या नकळत आपल्याच नावे व्यवहार करून मिळविलेला लाभ त्याने मागितला तर परत केला पाहिजे. याउलट किराणा दुकानदाराने साखर कितीस घेतली हे तो आपणांस सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. तो आपल्या जबाबदारीवर माल भरतो. भाव पडला तर तोटा त्याचा.

मग भाड्याचा दलाल यांपैकी कोण? भिवंडीच्या खेपेत त्याने एक हजार रुपये कमिशन म्हणून कापले. कमिशन म्हणजे वतीने काम केल्याचा मोबदला. ते घेताना तो अडत्या झाला. आणि मधला फरक खिशात घातला तेव्हा तो दुकानदार झाला. एकाच खेपेत दोन पगड्या. माझ्या मते दोष येथे आहे आणि तो शपथेच्या आधी घडलेला आहे. जो कमिशन घेतो त्याने आकडा दाखवावा. जो आकडा दाखविणार नाही त्याने कमिशन घेऊ नये आणि "मी तुमचाच माणूस" असे म्हणू नये. दोन्हीपैकी कोणतेही एक प्रामाणिक असू शकते.

याहून कठीण प्रसंग दुकानदाराचा. जो उघड उघड आपल्या नावे खेप घेतो आणि आपल्या नावे गाडी लावतो, त्याचे मौन कसे समजावे? येथे एका फार जुन्या वादाची आठवण होते. रोमन पंडित सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्याविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात तो एक प्रसंग कल्पितो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला आहे. अलेक्झांड्रियाहून एक सज्जन व्यापारी धान्याचे गलबत घेऊन येतो. वाटेत त्याने धान्याने भरलेली आणखी गलबते तिकडेच येताना पाहिलेली आहेत. ही गोष्ट त्याने लोकांस सांगावी, की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, विक्रेत्याने मालातील दोष सांगावा, कायदा सांगतो तितके करावे, बाकी जे ठाऊक आहे ते सर्व सांगत सुटणे त्याचे कर्तव्य नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपॅटर म्हणतो, मनुष्यमात्राचे हित हेच तुझे हित, तेव्हा लपविणे गैर. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने पडला. गप्प राहणे म्हणजे प्रत्येक वेळी लपविणे नव्हे, हे तो मान्य करतो. परंतु ज्याला कळण्याची गरज आहे तो आपल्या लाभासाठी अज्ञानात राहावा अशी इच्छा धरून गप्प राहणे, याला तो लपविणेच म्हणतो.

मला हा कौल पटतो, पण एका शंकेसह. ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याने खरे सांगितले असते तर लोक उद्यापर्यंत थांबले असते आणि उद्या स्वस्त धान्य मिळाले असते. सांगण्याचा त्यांना उपयोग होता. आमच्या गाडीवाल्याला छत्तीसचा आकडा आधी कळला असता तर तो काय करू शकला असता? दोन दिवस उभा होता. तिसराही दिवस उभा राहिला असता. ज्ञान असूनही थांबण्याची शक्ती नसेल तर त्या ज्ञानाचा उपयोग काय?

या शंकेचे उत्तर शोधताना अमेरिकेतील वाद उपयोगी पडतो, कारण तेथे नेमका हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला गेला आहे. तेथे १९३५ पासून मोटार-वाहतुकीचे दर इंटरस्टेट कॉमर्स कमिशनकडे नोंदवावे लागत आणि ते जाहीर असत. १९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ही बंधने सैल झाली. जुनी व्यवस्था फार न्यायाची होती असेही नाही. शेतमालासारखा मोकळा ठेवलेला माल सोडला तर एकट्या गाडीवाल्याला परवानाधारक कंपनीच्या नावाखाली गाडी लावावी लागे. परंतु नव्या व्यवस्थेत दर उघड्यावरून आडोशाला गेले, गाड्या वाढल्या आणि दलालही वाढले. मात्र एक जुना नियम तेथे टिकून आहे: दलालाने प्रत्येक व्यवहाराची नोंद तीन वर्षे जपावी, आणि त्या व्यवहारातील प्रत्येक पक्षाला ती नोंद पाहण्याचा अधिकार असावा. म्हणजे गाडीवाल्यास विचारता येते, माल पाठविणाऱ्याने तुला काय दिले?

नियम इतका स्वच्छ असता वाद कशाचा, असे वाटेल. गंमत पुढेच आहे. अनेक दलाल आपल्या करारपत्रात एक कलम घालतात की, हा अधिकार गाडीवाल्याने सोडून दिलेला आहे. सही न केली तर माल मिळत नाही. काही म्हणतात, जरूर पाहा, पण आमच्या कचेरीत, कामाच्या वेळेत येऊन पाहा. हजार मैलांवर असलेला गाडीवाला कचेरीत कसा जाणार? २०२० च्या वसंतात साथीमुळे भाडी कोसळली, तेव्हा गाडीवाल्यांनी वॉशिंग्टनला आपल्या गाड्या नेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या केल्या आणि सुमारे तीन आठवडे हॉर्न वाजविले. त्यांच्या संघटनेने अर्ज केला की, खेप पूर्ण झाल्यावर अठ्ठेचाळीस तासांत नोंद आपोआप मिळावी आणि अधिकार सोडून देण्याचे कलम बंद व्हावे. २०२४ च्या नोव्हेंबरात तेथील वाहतूक-सुरक्षा प्रशासनाने नियमाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात अठ्ठेचाळीस तास आले, पण "आपोआप" गेले. नोंद मागितली तर द्यावयाची.

दलालांनी या वादात एक मुद्दा मांडला तो विचार करण्याजोगा आहे. २०२० च्या उत्तरार्धात भाडी एकाएकी चढली. ज्या दलालांनी मालकांशी वर्षभराचा दर बांधून घेतला होता, त्यांना काही खेपांत गाडीवाल्यास घेतल्यापेक्षा जास्त द्यावे लागले. तेव्हा कोणा गाडीवाल्याने नोंद मागितली नाही, आणि तोट्यात वाटाही उचलला नाही. मुद्दा खरा आहे. परंतु त्यातून निष्कर्ष काय निघतो? फरक घेण्याचा दलालाला अधिकार आहे, एवढाच. तो झाकण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. किंबहुना तोट्याच्या खेपाही उघड्या असत्या, तर दलालाविषयीचा निम्मा संशय आपोआप गेला असता.

आणि माझ्या शंकेचे उत्तरही येथेच काहीसे सापडते. एका माणसाला एका दिवशी आकडा कळून उपयोग होत नाही हे खरे. परंतु शंभर माणसांना वर्षभर आकडे कळत राहिले तर कोणत्या दलालाकडे फरक किती, हे टपरीवर बोलले जाते. माणूस पुढल्या खेपेस दुसरीकडे जातो. अमेरिकेतील ऑरेगन प्रांतात पोर्टलंड येथील एका ट्रकथांब्यावर १९७८ साली उपलब्ध भाड्यांचा फलक सुरू झाला, आणि पुढे तो धंदा केवढा वाढला! आज आपल्याकडेही भ्रमणध्वनीवर भाडी दिसतात. पण फलकावर दिसतो तो दलालाने देऊ केलेला आकडा. पार्टीने दिलेला नव्हे. पडदा एक पायरी मागे सरकला, गेला नाही.

मग सरकारनेच दर का ठरवू नयेत? कौटिल्याने स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा इतकाच नफा व्यापाऱ्याने घ्यावा असे सांगितले आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही मालवाहू गाड्यांच्या भाड्याची किमान व कमाल मर्यादा ठरविण्याविषयी राज्य सरकारला निर्देश देता येतात. तथापि ठरलेल्या दराची दुसरी बाजू हिमाचल प्रदेशात दिसली. तेथे दारलाघाट व बरमाणा येथील सिमेंटच्या कारखान्यांचा माल स्थानिक गाडीवाल्यांचे संघ पाळीपाळीने वाहतात. दलाल नाही, दर सर्वांस ठाऊक. परंतु कंपनीला दर जास्त वाटला. डिसेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाने दोन्ही कारखाने बंद केले, आणि ते फेब्रुवारी २०२३ पर्यंत, सदुसष्ट दिवस, बंद राहिले. अखेर टनास दर किलोमीटरमागे लहान गाडीला १० रुपये ३० पैसे आणि मोठ्या गाडीला ९ रुपये ३० पैसे असा दर ठरला. पूर्वीपेक्षा कमी, आणि मध्ये दोन महिने हजारो घरांचे हप्ते थकलेले. पंजाबात तर २०१७ साली असे संघच नियमाने बंद केले गेले, कारण ते बाहेरच्या गाडीला माल भरू देत नसत. उघडेपणा होता, पण तो कुंपणाच्या आतला. मला वाटते, दर बांधण्यापेक्षा दर दाखविणे हा कमी दुखापतीचा मार्ग आहे. पण मी काही अर्थशास्त्री नव्हे.

महाभारताच्या शांतिपर्वातील तुलाधार वाण्याची कथा वाचकांस ठाऊक असेलच. जटेत पक्ष्यांनी घरटे करीपर्यंत निश्चल उभा राहिलेला जाजली काशीच्या त्या वाण्याकडे धर्म शिकावयास गेला. तुलाधाराचा तराजू सर्वांस सारखा होता असे आपण सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तराजू दुकानाच्या दर्शनी भागी, घेणारा व देणारा यांच्यामध्ये टांगलेला असतो. काटा दोघांनाही दिसतो. पडद्यामागे तोललेले माप बरोबर असले तरी कोण विश्वास ठेवील?

या विवेचनात आतापर्यंत मी दलाल आणि गाडीवाला या दोघांविषयीच बोललो. तिसरा पक्ष राहून गेला, आणि तो बहुधा ही पत्रिका वाचणारा आहे. आपल्यापैकी कित्येकांची दुकाने आहेत, कोणाचा पीथमपूरला लहानसा कारखाना आहे, कोणी तेथे नोकरीस आहेत. माल पाठविताना आपण कंपनीला दर विचारतो, दोन ठिकाणी चौकशी करतो, कमीत कमी सांगेल त्याला काम देतो. गाडीवाल्याच्या हाती त्यातील किती पडले, असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. दलालाचे मौन हे दोन्ही बाजूंनी असते; आपल्या बाजूचे आपल्यालाही सोयीचे असते. छत्तीस हजार देणाऱ्या कारखानदाराला आपण उदार भाडे देतो असे वाटत असेल, आणि गाडी रात्री कसारा घाटात झोपेने पेंगत उतरते तेव्हा तो घरी निजलेला असतो. बिल्टीवर "गाडीमालकास दिलेले भाडे" असा एक रकाना छापून घ्या, एवढी अट घालण्यास त्याला एक पैसाही खर्च नाही. काही कंपन्या काम सोडतील. सर्व सोडणार नाहीत.

शिरपूरचे ते गृहस्थ मला पुन्हा भेटले ते दिवाळीनंतर, त्याच टपरीवर. त्या दलालाचे पुढे काय झाले असे मी विचारले. ते हसले. "परवाच त्याच्याकडून नाशिकचे भाडे घेतले, भाऊ. या वेळी आधी विचारले, शेठ, पार्टी किती देते? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, तीस." त्यांना चोवीस मिळणार होते. तीस खरे की खोटे, हे त्यांनी विचारले नाही. शपथ मात्र त्याने घेतली नाही, असे त्यांनी मुद्दाम सांगितले, चहा संपविला, आणि भाच्याला हाक मारून ताडपत्री बांधावयास गेले.